रिसीव्हरवरची मोहोर

१४ नोव्हेंबर १९८३, सोमवार

मुंबईच्या साहेबांनी आज मला दोन वह्या दिल्या. एक वायरलेसच्या पेटीची नोंद ठेवायला आणि दुसरी "असू द्या जास्तीची" म्हणून. सरकारी माणूस जास्तीचं काही देऊ लागला की मी सावध होतो. पण वही शंभर पानी आहे, कागद चांगला आहे, म्हणून ती मी स्वतःसाठी घेतली. सरकारी वहीत जे लिहिता येत नाही ते हिच्यात लिहीन. हिची जागा तांदळाच्या कणगीमागे. चंद्रभागेला सांगितलेलं नाही. ती बायको असली तरी तिच्या पोटात काही राहत नाही.

पेटी म्हणजे फोनच, पण बिनतारी. आमच्या ओटीवर पोस्टाच्या टेबलाशेजारी फळी ठोकून ती ठेवली. परसात लोखंडी नळीवर एरियल चढवलं. इथून आवाज समोरच्या डोंगरावरच्या यंत्राकडे जाणार आणि तिथून कर्जतला. साहेब म्हणाले, हा अजून प्रयोग आहे. अशा तीन पेट्या तीन गावांत ठेवल्या आहेत. दोन महिने नीट चालली तर आंबेटेंभ्याला कायमचा फोन मिळेल, आणि तो पोस्टातच राहील, म्हणजे माझ्या घरात.

माझंच घर का, हे मी त्यांना तीनदा विचारलं. माळावरून डोंगर सरळ दिसतो, एवढंच उत्तर मिळालं. आबाजी सरपंचांच्या नव्या स्लॅबच्या घरापुढे मोठी चिंच आडवी येते. बुद्धवाड्यात पोस्ट असणं ज्यांना एकोणीस वर्षं खुपतंय त्यांना शेवटी एका चिंचेने अडवलं. आबाजी जीपला टेकून हसत होते. ते हसायला लागले की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

१५ नोव्हेंबर

साहेबांनी आज पेटी वापरायला शिकवली. रिसीव्हरच्या दांड्याला आतल्या अंगाने पट्टीसारखं बटण आहे. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि आपला आवाज जातो. सोडलं की हिरवा दिवा, आणि दुसऱ्याचं ऐकू येतं.

पण ही वाट आपली एकट्याची नाही. मोहोपाड्याच्या एका कारखान्याचं फाटक आणि त्यांची आजाऱ्यांना न्यायची गाडी, यांचं बोलणंही ह्याच वाटेने चालतं. ते आधीपासूनचे. साहेब म्हणाले, "आधी ऐकायचं. कोणी बोलत नसेल तरच बटण दाबायचं आणि झालं की सोडायचं. आपण बटण धरून ठेवलं तर त्यांचं तोंड बंद. मग ते तक्रार करतात आणि पेटी उचलली जाते."

"आणि त्यांच्यामुळे आमचं तोंड बंद झालं तर?"

"तर गप्प बसायचं. वहीत नोंद करायची."

मी म्हटलं, साहेब, हा कुठला न्याय? ते म्हणाले, पाहुण्याचा न्याय. मला त्यात नवल वाटलं नाही. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी बरीच वर्षं याच न्यायाने पाणी भरलं आहे. लोकांचं होईस्तोवर लांब उभं राहायचं. हे मी साहेबांना बोललो नाही. चांगला माणूस दिसतो, पण चांगला दिसतो एवढंच.

रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला कर्जतला एक ते वीस आकडे मोजून ऐकवायचे. तिथला माणूस त्या दोन वेळांनाच बसतो. बाकी दिवसभर पेटी चालू ठेवायची आणि संध्याकाळी सहाला बंद करायची.

१९ नोव्हेंबर, शनिवार

पेटी गुणाची निघाली. पाच दिवसांत सगळे आकडे कर्जतला स्पष्ट पोचले. मधूनमधून कारखान्याचं फाटक बोलतं, "गाडी कुठं हाय, गाडी कुठं हाय," आणि गाडी सांगते, "चौकाला." ऐकायला गंमत वाटते. चंद्रभागा तर भाकरी थापता थापता त्या गाडीवाल्याची वाट बघते.

आज सहदेव बॅटरी सायकलला बांधून नेरळला भरून आणायला घेऊन गेला. सहदेव आमचा टपालवाला. नेरळहून टपालाची थैली आणायची आणि इथली न्यायची हे काम तो माझ्याइतकीच, एकोणीस वर्षं करतोय. रोज बाराच्या सुमाराला येतो, ओट्याच्या खांबाला टेकून बसतो, चंद्रभागेच्या हातचा चहा पितो. सन चौसष्टला गावातल्या दुसऱ्या कोणी आमच्या घरात पाणीही घेतलं नव्हतं तेव्हा त्याने चहा मागून घेतला होता. हे मी विसरलेलो नाही. पण तो आबाजींच्या भावकीतला आहे हेही विसरलेलो नाही.

आणि आज एक गोष्ट दिसली. सहदेव गेल्यावर पाहिलं तर रिसीव्हर उलटा टांगलेला. मी नेहमी तोंड भिंतीकडे करून ठेवतो.

"मी पुसला," चंद्रभागा म्हणाली. "धूळ बसली व्हती."

ती सहदेवची बाजू घेणार हे मला ठाऊक होतं.

२१ नोव्हेंबर

हे लिहून ठेवायलाच हवं. एकाहत्तर साली एक रजिस्टर पत्र हरवलं. कोणीतरी निनावी अर्ज केला की पोस्टमास्तर श्रीपत लोकांची पत्रं उघडून वाचतो. निरीक्षक आले. माझ्या घरातली भांडी उपडी केली, चंद्रभागेची ट्रंक उघडली, सगळा गाव बाहेर उभा राहून बघत होता. पत्र टपालपेटीच्या मागे भिंतीच्या फटीत सापडलं. निरीक्षक "ठीक आहे" म्हणून गेले. माझी माफी कोणी मागितली नाही. अर्ज कोणी केला ते आजतागायत कळलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या पोस्टातली कुठलीही वस्तू मी दोरा आणि मोहोर घातल्याशिवाय सोडत नाही. थैलीला नियमच आहे. पण मी शिक्क्यांच्या डब्यालाही लाख लावतो.

पेटीला कोणी हात लावला आणि काही बिघडलं तर नाव माझंच जाणार, आणि पेटी जाणार चिंचेखाली. म्हणून आजपासून रिसीव्हर बांधायचा. पहिल्यांदा साधा सुती दोरा गुंडाळला.

२२ नोव्हेंबर

दोरा सैल! दुपारी जेवून बाहेर येतो तर निसटून लोंबतोय. चंद्रभागा म्हणते मांजर. मांजराला वायरलेसचं काय काम?

आता सुतळी. थैली बांधतो तशी, तीन वेढे, ओढून घट्ट, टपालाची गाठ, वर लाख आणि लाखेवर मोहोर. बाराला टपाल झालं की चारपर्यंत बांधलेला, चारचे आकडे झाले की पुन्हा सहापर्यंत. बांधायच्या आधीच पेटीवर एक रिकामी थैली पांघरली, धुळीपासून आणि डोळ्यांपासून, आणि बांधलेला रिसीव्हर तिच्याखाली टांगला. आता बघू कोण हात लावतो ते.

२६ नोव्हेंबर, शनिवार

बॅटरी आठवडाभर पुरायची. बुधवारी काटा निम्म्यावर आला आणि काल शेवटाला. मी तर दिवसाला मोजून दोन वेळा बोलतो. म्हणजे उरलेली वीज कोण खातंय? दोनच शक्यता. एकतर सहदेव नेरळला अर्धीच भरून आणतो, नाहीतर माझ्या मागे कोणीतरी पेटीवर बोलतं. मोहोर मात्र रोज शाबूत.

संध्याकाळी चंद्रभागेला हे सगळं समजावून सांगत होतो. इथेच, ओटीवर बसून. म्हटलं, हा सहदेव आबाजींचा माणूस आहे. एकोणीस वर्षं चहा प्यायला तो घराची पाहणी करायला प्यायला. एकाहत्तरचा अर्ज कुणी केला असेल, मला आता संशय येतो. थैली आणणाऱ्यालाच पत्र कुठं पडलं ते ठाऊक असणार.

ती म्हणाली, "अवो, तुमच्या जिभेला काय हाड? तो सख्ख्या भावावानी वागतोय."

"भावावानी वागणाऱ्यांचीच भीती असते," मी म्हटलं. बराच वेळ बोललो. मन मोकळं झालं.

२९ नोव्हेंबर

सकाळी दहाला आकडे मोजून झाल्यावर कर्जतचा माणूस म्हणाला, कारखान्याची तक्रार आली आहे. दुपारी आणि संध्याकाळी कोणीतरी बटण धरून बसतं, त्यांची वाट तासन्‌तास बंद पडते. तिन्ही गावांना ताकीद. पुन्हा झालं तर प्रयोग बंद.

मी म्हटलं, आमच्याकडे ते शक्यच नाही, आमचा रिसीव्हर मोहोरबंद असतो. तो म्हणाला, "काय असतो?" मी म्हटलं, "जपून ठेवलेला असतो." सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं.

दुपारी सुतळीचा चौथा वेढा घातला.

१ डिसेंबर

आज जे झालं त्याने माझी खात्री पटली.

सहदेव आला, थैली दिली, पण खांबाला टेकून बसला नाही. पेटीवर पांघरलेल्या थैलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, ती सुतळी सोडून ठेवा की."

"का?"

"उगाच. पेटी मोकळी असल्याली बरी."

"सुतळी आहे हे तुला कसं कळलं? वर थैली आहे."

तो गडबडला. गळ्यातल्या टॉवेलाने तोंड पुसलं. मग मान खाली घालून म्हणाला, "आनि सांजचं घरात जरा दमानं बोलत जा, मास्तर. भिंतीला बी कान असत्यात."

माझं अंग तापलं. म्हणजे हा माणूस संध्याकाळी माझ्या भिंतीला कान लावून उभा असतो!  तो चहा न घेता निघाला. चंद्रभागा कप हातात धरून दारात उभी राहिली.

नंतर परसात एरियलच्या बाजूला जाऊन पायाचे ठसे बघितले. बकरीचे होते.

५ डिसेंबर

आज निघतोय. उद्या सहा डिसेंबर, चैत्यभूमीला गेलो नाही असं एकही वर्ष झालेलं नाही. परवा येईन. उद्याचं टपाल सहदेव घेईल आणि तिकिटं वगैरे चंद्रभागा देईल, तशी परवानगी काढली आहे. कर्जतला सांगितलं, उद्या आकडे नाहीत, पण पेटी चालू राहील, कारण कर्जतहून कधी हाक येईल सांगता येत नाही. सहाला बंद करायचं चंद्रभागेवर सोडणं बरोबर नाही. ती कुठली कळ फिरवील कोण जाणे.

म्हणून रिसीव्हर बांधला, मोहोर केली, आणि अख्खी पेटी मोठ्या थैलीत घालून तिचंही तोंड बांधून लाख लावली. आजच भरून आलेली बॅटरी तेवढी बाहेर आहे, तिची वायर आत जाते. उद्या दिवसभर सहदेवला ओटीवर मोकळं रान. बघू त्याची अक्कल.

७ डिसेंबर

सापडला!

सकाळी घरी पोचलो. दोन्ही मोहोरा शाबूत, पण बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवलेली. माझ्या मागे, माझ्या घरात. मोहोर तोडली नाही, म्हणजे मी समजत होतो त्याहून हा माणूस पुष्कळ हुशार आहे.

चंद्रभागा म्हणते, "सहदेवभाऊजींनी काल बाराला आल्या आल्या काढली. थैली खाली ठेवायच्या आदी. मला इचारून काढली. म्हनलं, मास्तर आलं की लावतील, काय बोललं तर माजं नाव सांगा."

"आणि तू हो म्हणालीस?"

"घाम फुटल्याला व्हता त्यांना. मला वाटलं करंट येतोय का काय."

ही बाई कोणालाही हो म्हणेल.

दहाला कर्जतचा माणूस फार तुटक बोलला. काल साडेअकराला कारखान्यात एका माणसाच्या हातावर तेजाब सांडलं. गाडी खोपोलीच्या बाजूला गेलेली. फाटकावरचा माणूस गाडीला हाक मारतोय, आणि वाट बंद. कोणीतरी बटण धरून बसलेलं. बाराला वाट अचानक मोकळी झाली तेव्हा गाडी फिरली. हात वाचला, पण आणखी उशीर झाला असता तर वाचला नसता. साहेब स्वतः चौकशीला येणार आहेत.

आता मला सगळं स्पष्ट दिसतंय. सहदेवने वायरीतून काहीतरी करामत केली, माझं नाव बदनाम व्हावं म्हणून. मी घरात नाही तो दिवस बरोबर निवडला.

८ डिसेंबर

निरीक्षकांना पत्र लिहिलं. चार पानं. माझ्या गैरहजेरीत सरकारी यंत्राची वायर काढली, घराच्या भिंतीला कान लावतो, अमुक सरपंचांच्या भावकीतला आहे, एकाहत्तरच्या प्रकरणातही याची चौकशी व्हावी.  खाली सही केली.

पत्र आजच्या थैलीत टाकलं, थैली बांधली, लाख लावली आणि सहदेवच्या हातात दिली. दुसरा रस्ता नाही, नेरळला टपाल तोच नेतो. त्याने थैली सायकलच्या मागे लावली, दोनदा ओढून बघितली, नेहमीसारखी. "येतो मास्तर," म्हणाला.

माळाच्या उतारावरून तो दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो. मला बरं वाटायला हवं होतं.

१३ डिसेंबर

निरीक्षकांचा हुकूम आला. चौकशी होईस्तोवर सहदेव कामावरून बंद. म्हणजे पत्र जसंच्या तसं पोचलं होतं. बदली म्हणून पोशीरचा धाकलू आला आहे. थैली सायकलच्या दांड्याला लोंबकळत आणतो. आजच मोहोरेचा अर्धा तुकडा उडालेला. विचारलं तर म्हणतो, "लाख हाय, उडायचीच."

चंद्रभागा आज माझ्याशी बोलली नाही. अंबाबाई, सहदेवची बायको, तिला हातपंपावर भेटली होती. काय बोलणं झालं ते सांगत नाही.

१५ डिसेंबर

कर्जत म्हणतं, वाट अजूनही बंद पडते. दुपारी आणि संध्याकाळी, आधीसारखीच. सहदेव तर इकडे फिरकलेलाही नाही. म्हणजे आता धाकलू. आबाजींनी त्यालाही फितवलं. किती जणांना पुरा पडणार मी?

सुतळीचे वेढे आता पाच.

१७ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहायला बसलोय. 

दुपारचा एक वाजला होता. मी आणि चंद्रभागा ओटीवर. मी तिला सांगत होतो की धाकलूचं आणि आबाजींचं काय शिजतंय. एवढ्यात परसाकडून माणूस आला. साहेब. जीप कळंबच्या रस्त्यावर ठेवून पायी आलेले. हातात लहान पेटी, कानाला लावायचं यंत्र, आणि चेहरा असा की मी उठून उभाच राहिलो. जीपची धूळ दिसली असती तर मी नेहमीप्रमाणे आधीच सुतळी सोडून रिसीव्हर नीट टांगला असता. या आठवड्यात साहेब दोनदा येऊन गेले, दोन्ही खेपांना तसंच केलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "धाकलू कोण?"

मला कळेना. त्यांनी कानाचं यंत्र काढून लहान पेटीचा आवाज मोठा केला आणि दारात पाऊल टाकलं. ती पेटी किंचाळली. इतकी जोरात की चंद्रभागेने कान झाकले. ते मागे सरले की आवाज कमी, पुढे आले की जास्त. "बोला काहीतरी," ते म्हणाले. मी म्हटलं, "काय बोलू?" आणि माझा "काय बोलू" त्यांच्या हातातल्या पेटीतून बाहेर पडला.

त्यांनी फळीवरची थैली उचलली. खाली लाल दिवा लागलेला होता.

सुतळी दांड्यात रुतली होती, बटणाच्या बरोबर वर. पाच वेढे. साहेबांनी लाख उजेडाकडे धरली आणि मोहोर वाचली. आंबेटेंभा. ती मोहोर गावात एकाच माणसाकडे आहे. मी कनवटीला बांधून झोपतो.

"हे कधीपासून?"

"बावीस नोव्हेंबर," मी म्हटलं. तारीख मला पाठ होती.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, सुतळी कापली, आणि दिवा हिरवा झाला. लगेच फाटकाचा आवाज आला. साहेबांनी बटण दाबून सांगितलं, दोष सापडला, आंबेटेंभ्याची पेटी.  पलीकडून माणूस म्हणाला, "ठावं हाय साहेब. पोस्टमास्तर हायत का तितं?"

साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी बटण दाबलं. "बोलतोय."

"मास्तर, मी नवशा, फाटकावरचा. सहदेवमामाचा भाचा. तुमचा आवाज मी पयल्याच दिवशी वळखला. सगळं ऐकू येतं हितं. मामाला तुमी काय काय बोलता ते बी. आमच्या फाटकावरची मानसं हसायची. मी मामाला जाऊन सांगितलं. वर तक्रार लिवतो म्हनलो तर मामानं हात धरला. बोल्ला, कुनाला नाव सांगू नको, मास्तरांची पेटी जाईल. तेंच्या घरातनं काय बी गेलं की लोकं लई हसतील." मग जरा थांबून म्हणाला, "बटन दाबा मास्तर, मला तुमचं ऐकू येत नाय."

मी बटण दाबलेलं नव्हतंच. रिसीव्हर साहेबांना परत दिला.

निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, "मी अहवालात लिहितो, बटणाची स्प्रिंग खराब होती. नवा रिसीव्हर देतो. पेटी इथेच राहील. तुम्ही फक्त हे कोणाला सांगू नका." त्यांना प्रयोग वाचवायचा आहे. मला पेटी. दोघांचं काम होतं. मी मान हलवली.

१८ डिसेंबर, रविवार

सकाळी सहदेवकडे गेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तो खळ्यावर भात झोडत होता. मला बघून हातातला भारा खाली ठेवला आणि अंबाबाईला हाक मारली, "पोस्टमास्तर आल्यात, बसाया टाक गं."

मी बसलो नाही. म्हटलं, "सहदेव, तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "तुमी मला चोर म्हनता ते मोहोपाड्याला ऐकू जातं, असं तुमच्या तोंडावर सांगू? त्या पत्राचा अर्ज मीच केला म्हनलात तुमी. ते मला ठावं झालं हे तुमाला कळलं असतं, तर तुमी माझ्याकडं बघितलं असतं का कंदी?"

"सहा तारखेला..."

"त्या दिवशी बाराला आलो तर लाल दिवा थैलीच्या सुतातनं दिसतोय. मोहोर तोडावी तर मोहोर टपालाची. माझ्या हातानं नाय तुटली ती. मग वायर काढली." त्याने हाताला लागलेला भुसा झटकला. "तुमी पत्र लिवलंत त्याचं मला येवढं नाय वाटलं, मास्तर. एकच सांगा. एकोनीस वर्सं मी थैली आनली. पान्यातनं आनली, तापात आनली. कंदी एक मोहोर फुटल्याली दिसली तुमाला?"

मी नाही म्हटलं. 

अंबाबाईने घोंगडं टाकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परत येताना माळ चढताना मला दम लागला, खाली बसलो. मग रडलो. एकाहत्तर साली रडलो नव्हतो.

१९ डिसेंबर

रात्रभर साहेबांचा शब्द डोक्यात होता. स्प्रिंग खराब. किती सोपं आहे. पेटी माझ्या ओटीवर, गावातला माणूस न् माणूस माझ्या उंबऱ्यातून आत येणार, आबाजीसुद्धा, फोनसाठी माझी परवानगी मागणार. हे सगळं फक्त गप्प बसून मिळतंय.

पण वायर सहदेवनेच काढली होती, आणि ती का काढली हे सांगायचं तर सुतळी कोणी बांधली हे सांगावं लागतं. स्प्रिंगमध्ये सहदेवची सुटका कुठेच बसत नाही.

चंद्रभागेला विचारलं. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "पेटी नव्हती तवा आपन जगत नव्हतो व्हय?" मग मागे वळून म्हणाली, "त्यो मानूस नव्हता असं मात्र कंदी झालं नाय."

निरीक्षकांना पत्र लिहिलं. या वेळी अर्धंच पान झालं. सुतळी मी बांधली. मोहोर माझी. वायर काढली म्हणून एका माणसाचा हात वाचला. सहदेववरचा माझा सगळा आरोप खोटा आहे, त्याला कामावर घ्यावं, माझं जे करायचं ते करावं. दुसरी प्रत साहेबांना.

दहाला आकडे मोजून झाल्यावर थांबलो. हिरवा दिवा होता. बराच वेळ ऐकलं, वाट मोकळी होती. मग बटण दाबून म्हणालो, "मोहोपाडा फाटक, आंबेटेंभा बोलतोय. गेले तीन आठवडे तुम्ही माझ्या तोंडून सहदेवबद्दल जे ऐकलंत ते सगळं खोटं होतं. तिथं जे जे हसले त्यांना सांगा." आणि सोडलं.

कोण होतं ठाऊक नाही. म्हणाला, "बरं."

२ जानेवारी १९८४

पेटी गेली. फळी तेवढी राहिली. आबाजींनी चिंच तोडायला माणसं लावली आहेत, कुऱ्हाडीचा आवाज इथपर्यंत येतो. पोस्ट तूर्त माझ्याकडेच ठेवलं आहे, ताकीद देऊन. निरीक्षकांनी विचारलं, हे तुम्ही स्वतःहून का कळवलंत, तुमच्यामागे कोणी आहे का? मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच विचारलं असतं.

९ जानेवारी, सोमवार

सहदेव कामावर आला.

बारा वाजता सायकलची घंटा वाजली. मी मुद्दाम मान खाली घालून शिक्के पुसत बसलो, काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्याने थैली टेबलावर ठेवली. उघडण्याआधी मोहोर तपासायची हा नियम आहे, तो मी कोणासाठीच मोडू शकत नाही. मी थैली उजेडाकडे फिरवली. गाठ बघितली. लाख बघितली.

एरवी एवढ्या वेळात तो खांबाला टेकून बसलेला असतो, बिडी काढलेली असते. आज तो टेबलासमोर उभा होता, हात बाजूला सोडून, माझं बघून होईपर्यंत.

मग म्हणाला, "बरोबर हाय ना?"

एकोणीस वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

चंद्रभागेने चहा आणला. त्याने घेतला, उभ्यानेच.